यंत्रासोबतचा कागद

ॲम्प्लिफायर, टर्नटेबल, स्पीकर, मिक्सर अशा ध्वनिसाहित्यासोबत छापील माहितीपुस्तिका द्यावी, की खोक्यावर क्यूआर कोड छापून ग्राहकाला संकेतस्थळाकडे पाठवावे, हा प्रश्न वरवर पाहता उत्पादकाच्या खर्चाचा आणि ग्राहकाच्या सोयीचा दिसतो. त्याच्या मुळाशी मात्र एक जुना आणि गंभीर प्रश्न आहे: एखादे कौशल्य, ते जाणणारा माणूस समोर नसताना, दुसऱ्याच्या हाती विश्वासाने कसे सोपवायचे? ज्या थोड्या भारतीय शहरांनी एकोणिसाव्या शतकातच या प्रश्नाचा जाणीवपूर्वक आणि राज्याच्या तिजोरीतून खर्च करून विचार केला, त्यांत बडोदे अग्रभागी होते. म्हणून आजच्या वादाची तपासणी बडोद्यातील रावपुऱ्यापासून सुरू करणे सयुक्तिक ठरते.

रावपुरा हा जुन्या बडोद्यातील मराठी वळणाचा भाग आहे. महाराणी चिमणाबाई (पहिल्या) यांच्या स्मरणार्थ १८९६ मध्ये उभारलेला घड्याळाचा मनोरा लोकांच्या तोंडी आजही ‘रावपुरा टॉवर’च आहे, आणि सुरसागर तलाव, दांडिया बाजार, कलाभवन, मांडवी ही सारी स्थळे तेथून फार दूर नाहीत. या लहानशा परिसरात सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत ज्या संस्था उभ्या राहिल्या, त्यांपैकी दोन संस्थांचा प्रस्तुत विषयाशी थेट संबंध पोहोचतो.

पहिली गायनशाळा. उस्ताद मौलाबक्ष (१८३३–१८९६) यांच्या नेतृत्वाखाली ती १८८६ मध्ये सुरू झाली. गाणे ही गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात उतरणारी विद्या, ती कागदावर मांडली की तिचा प्राण जातो, अशी समजूत घराण्यांत दृढ असतानाच्या काळात मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली, म्हणजे स्वर, मात्रा आणि ताल चिन्हांनी लिहून दाखवण्याची पद्धत बसवली आणि तिच्यावर आधारलेली पाठ्यपुस्तके छापून वर्गात वापरली. या पुस्तकांनी गुरूची जागा घेतली नाही, तसा त्यांचा दावाही नव्हता. मात्र शिष्य घरी गेल्यावर बंदिशीचा अंतरा नेमका कोठून उठतो हे विसरला, तर त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत अडून राहावे लागले नाही. आणि गुरू निवर्तल्यावर चीज त्यांच्यासोबत गेली नाही. पुढे मार्च १९१६ मध्ये पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यातच भरली, ही घटना याच वातावरणाचे फळ मानावी लागते.

दुसरी संस्था कलाभवन. प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या योजनेनुसार ती १८९० मध्ये स्थापन झाली. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला असे विषय तेथे शिकवले जात आणि तांत्रिक ज्ञान इंग्रजीच्या उंबरठ्यावर अडून राहू नये, कारागिराच्या मुलाला ते त्याच्या भाषेत मिळावे, हा गज्जरांचा आग्रह होता. त्यासाठी संस्थानाने अनुदान दिले आणि देशी भाषांत तांत्रिक ग्रंथ सिद्ध करण्याचे काम हाती घेतले गेले. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. पुढे चित्रपटनिर्मितीकडे वळल्यावर त्यांना इंग्लंडमधील सेसिल हेपवर्थ यांच्या छापील मार्गदर्शक पुस्तकाची मोठी मदत झाली, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आढळते. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन परतलेल्या या माणसाला भारतात ज्याला विचारावे असा जाणकार सहजासहजी मिळण्यासारखा नव्हता. त्याच्याजवळ यंत्र होते, छापील मजकूर होता आणि छापील मजकुरावरून हाताने काम करण्याचे शिक्षण होते. माहितीपुस्तिकेचे समर्थन करताना याहून समर्पक उदाहरण शोधावे लागत नाही.

आता ध्वनिसाहित्याकडे येऊ. वॉल्व्हच्या, म्हणजे निर्वात काचनलिकांच्या, रेडिओपासून पुढच्या कॅसेट डेकपर्यंत घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्राबरोबर पुस्तिका येत असे. तिच्यात एरियल कसे बांधावे आणि अर्थिंग कोठे द्यावे इथपासून कोणता फ्यूज किती अँपिअरचा असावा इथपर्यंत सगळे असे, आणि अनेक संचांबरोबर परिपथाचा आराखडाही, म्हणजे आतील प्रत्येक घटक कोणत्या घटकाशी जोडलेला आहे हे दाखवणारा नकाशाही मिळे. काही वेळा तो कॅबिनेटच्या आतल्या बाजूलाच डकवलेला असे. ठाण्याच्या कारखान्यात तयार झालेले मर्फीचे जुने संच आजही कोठे कोठे वाजते ठेवले जातात, ते या आराखड्यांच्या आणि ते वाचू शकणाऱ्या कारागिरांच्या भरवशावर. ज्या कंपन्यांचा रेडिओचा व्यवसाय केव्हाच बंद पडला, त्यांच्याकडे विचारणा करण्याची सोय उरलेली नाही, पण कागद उरला आहे.

छापील कागदाची गरज सर्वांत स्पष्टपणे दिसते ती टर्नटेबलच्या बाबतीत. तबकडी वाजवणारी सुई ज्या छोट्या उपकरणात बसवलेली असते, त्याला कार्ट्रिज म्हणतात आणि ते टोनआर्म नावाच्या दांडीच्या टोकाला दोन बारीक स्क्रूंनी बसवले जाते. ही दांडी एका टोकाला खिळलेली असल्यामुळे सुई तबकडीवरून सरळ रेषेत न सरकता कमानीतून सरकते, परिणामी खाचेच्या दिशेशी तिचा कोन सतत बदलत राहतो. हा दोष पूर्ण घालवता येत नाही. मात्र कार्ट्रिज योग्य जागी बसवल्यास तबकडीच्या मध्यापासून विशिष्ट अंतरावरील दोन बिंदूंवर तो शून्य होतो आणि अन्यत्र सुसह्य राहतो. सर्वाधिक प्रचलित असलेल्या एका गणिताप्रमाणे ही अंतरे ६६ मिलिमीटर आणि १२०.९ मिलिमीटर आहेत. ते साधण्यासाठी पुस्तिकेसोबत एक जाड पुठ्ठा येतो, ज्यावर हे दोन बिंदू आणि त्यांभोवती समांतर रेषांची जाळी छापलेली असते; पुठ्ठा तबकडीच्या जागी ठेवायचा, सुई बिंदूवर अलगद टेकवायची आणि कार्ट्रिजची कड रेषांशी जुळेपर्यंत स्क्रू सैल करून ते पुढे-मागे सरकवायचे. हा पुठ्ठा केवळ माहिती देणारा मजकूर नसून प्रत्यक्ष मोजमापाचे साधन आहे. मोबाइलच्या पडद्यावर तो उपयोगाचा नाही, कारण सुई पडद्यावर टेकवता येत नाही. संकेतस्थळावरून उतरवून घरच्या प्रिंटरवर छापला आणि प्रिंटरने पानात बसवण्यासाठी चित्र नकळत ९७ टक्क्यांवर आणले, तर ६६ मिलिमीटरचा बिंदू ६४ वर येतो आणि दुसरा साडेतीन मिलिमीटरहून अधिक आत सरकतो. त्यानंतर कार्ट्रिज कितीही काळजीने बसवले तरी ते चुकीच्याच जागी बसते, आणि तबकडीच्या शेवटच्या भागात गायकाच्या स, श सारख्या वर्णांना फाटका, खरखरीत आवाज का येतो, हे ऐकणाऱ्याला उमगत नाही.

दुसरे उदाहरण बडोद्यासारख्या शहराला अधिक जवळचे आहे, कारण येथील असंख्य कुटुंबांचे नातलग अमेरिकेत आहेत आणि त्यांच्याबरोबर तेथील यंत्रेही येतात. अमेरिकेत घरगुती वीजपुरवठा १२० व्होल्टचा, भारतात २३० व्होल्टचा. हा फरक बहुतेकांना ठाऊक असतो आणि त्यासाठी ट्रान्सफॉर्मर वापरलाही जातो. परंतु तेथील वीज सेकंदाला ६० आवर्तनांची आणि येथील ५० आवर्तनांची असते, हा दुसरा फरक ट्रान्सफॉर्मर घालवू शकत नाही. अनेक जुन्या टर्नटेबलांतील मोटर विजेच्या आवर्तनांशी बांधलेली असते, म्हणून अमेरिकेत मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी येथे जेमतेम २७.८ फेरे घेते. लयीवर तर परिणाम होतोच, पण सूरही तीन अर्धस्वरांहून थोडा अधिक उतरतो. काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या गायकाचा षड्ज खालच्या काळी पाचच्याही किंचित खाली जाऊन बसतो. ज्याने ती गायकी प्रत्यक्ष ऐकलेली नाही, त्याला हा गायक मुळातच ठाय आणि खर्जाचा असावा असे वाटू शकते, आणि एका गायकीविषयीची समजूतच चुकीच्या पायावर उभी राहते. यावरचा उपाय साधा असतो: मोटरच्या दांड्यावरील पट्टा फिरवणारी पितळी पुली बदलायची. ५० आवर्तनांची पुली कोणती आणि ती कशी बदलायची, हे त्या काळच्या पुस्तिकेत आकृतीसह दिलेले असे. गायक फयाझ खाँसाहेबांचे शहर म्हणवणाऱ्या बडोद्यात तरी ही माहिती क्षुल्लक मानली जाऊ नये.

तिसरे उदाहरण सार्वजनिक ध्वनिक्षेपणाचे. बडोद्यात गणेशोत्सव मोठ्या प्रमाणावर साजरा होतो आणि मांडवापासून गल्लीच्या टोकापर्यंत भोंगे लावले जातात. लांबवर तार ओढायची असल्यास त्यासाठी ‘१०० व्होल्ट लाइन’ ही पद्धत वापरतात. तिच्यात ॲम्प्लिफायर आपला आवाजाचा विद्युतसंकेत जास्त दाबाने आणि कमी प्रवाहाने तारेतून पाठवतो, ज्यामुळे तारेत शक्ती फारशी वाया जात नाही, आणि प्रत्येक भोंग्याशी असलेला छोटा ट्रान्सफॉर्मर त्यातून ठरावीक वॅट तेवढे उचलतो. हिशेब सोपा असतो: २५० वॅटच्या ॲम्प्लिफायरवर ३० वॅटचे आठ भोंगे चालतात, नववा चालत नाही. मात्र ट्रान्सफॉर्मर नसलेला ८ ओहमचा साधा भोंगा चुकून या तारेवर जोडला, तर पूर्ण आवाजात तो एकटाच साडेबाराशे वॅट ओढू पाहतो. ओहम हे विद्युतप्रवाहाला होणाऱ्या विरोधाचे माप. तो विरोध कमी, तितका प्रवाह अधिक. परिणामी भोंग्याची कॉइल जळते किंवा ॲम्प्लिफायर मान टाकतो, आणि मांडवातील कापड, सजावट आणि उघड्या जोडण्या लक्षात घेता धोका यंत्रापुरता मर्यादित राहतो असेही नाही. यंत्राच्या मागील पट्टीवर ‘१०० व्होल्ट’, ‘८ ओहम’, ‘४ ओहम’ अशी अक्षरे असतात, पण कोणत्या दोन खिट्या एकाच वेळी वापरू नयेत हे ती अक्षरे सांगत नाहीत. ते आकृती सांगते, आणि ती आकृती संध्याकाळी सात वाजता, पावसाच्या सरीत, शिडीवर उभ्या असलेल्या कार्यकर्त्याच्या खिशात असावी लागते.

व्यावसायिक ध्वनिमुद्रणात असाच एक बारकावा आहे. मायक्रोफोनच्या तीन पिनांच्या जोडणीत दुसरी पिन धन मानण्याचा संकेत आता सर्वमान्य आहे. परंतु ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने १९९२ मध्ये तो प्रमाण म्हणून निश्चित करण्यापूर्वीच्या कित्येक यंत्रांत तिसरी पिन धन असे. दोन्ही प्रकारची यंत्रे एकत्र जोडली, तर दोन मायक्रोफोनचे संकेत एकमेकांना छेद देतात आणि तबल्याच्या डग्ग्याचा घुमार निघून जातो. यंत्र बाहेरून पाहून हे कळत नाही.

छापील पुस्तिकेच्या विरोधातील युक्तिवाद उपेक्षणीय नाहीत, आणि त्यांतील काही पूर्णपणे बरोबर आहेत. आजच्या अनेक यंत्रांचे वर्तन आतील सॉफ्टवेअरवर अवलंबून असते, ते विक्रीनंतरही बदलत राहते, म्हणून छापलेली पुस्तिका वर्षभरात कालबाह्य होऊ शकते. दृष्टिहीन व्यक्तीला छापील पानाचा उपयोग नसतो, तर संगणकीय मजकूर वाचून दाखवणारे साधन तिच्या मोबाइलमध्येच असते. हा मुद्दा इतका महत्त्वाचा आहे की केवळ त्यासाठीही प्रत्येक पुस्तिकेची डिजिटल आवृत्ती बंधनकारक असावी. शिवाय, ज्या छापील पुस्तिकांच्या निधनाचा शोक केला जातो, त्यांतील बऱ्याच आधीच पोकळ झाल्या होत्या. वीस-पंचवीस भाषांतील जाडजूड चोपडी, प्रत्येक भाषेच्या वाट्याला दोन पाने, त्या दोन पानांत ‘यंत्र पाण्यात बुडवू नका’ छापाच्या सूचना आणि जोडणीविषयी अवाक्षर नाही. वर त्या भाषांत मराठी किंवा गुजराती असण्याची शक्यता फारच कमी. असा कागद वाया घालवण्याचे समर्थन कोणी करू नये. इयरफोनच्या डबीत चार ओळींचे पत्रक पुरे आहे.

परंतु डिजिटल पुस्तिकेच्या बाजूने मांडला जाणारा मुख्य मुद्दा, की ती सदासर्वकाळ उपलब्ध असते, तपासाअंती टिकत नाही. युरोपीय संघाच्या २०२३ च्या यंत्रविषयक नियमावलीकडे पाहता येईल. ती घरगुती ध्वनिसाहित्यासाठी नाही, पण या प्रश्नाचा तिच्यात काळजीपूर्वक विचार झालेला आहे. जानेवारी २०२७ पासून लागू होणारी ही नियमावली डिजिटल पुस्तिकेला परवानगी देते. मात्र खरेदीच्या वेळी ग्राहकाने मागणी केल्यास महिन्याच्या आत छापील प्रत विनामूल्य द्यावी लागते, सामान्य वापरकर्त्यासाठीच्या यंत्रांसोबत सुरक्षिततेची माहिती कागदावरच द्यावी लागते, आणि संकेतस्थळावरील मजकूर यंत्राच्या अपेक्षित आयुष्यभर, निदान दहा वर्षे, ठेवावा लागतो. दहा वर्षे हा काळ पुष्कळ यंत्रांना पुरेल, पण चांगल्या ॲम्प्लिफायरला पुरणार नाही. तो चाळीस वर्षे चालतो, तीन मालक पाहतो, आणि प्रत्येक नव्या मालकाला तो पहिल्याइतकाच अनोळखी असतो. उत्पादकाच्या लेखी ग्राहक म्हणजे पहिला खरेदीदार. यंत्राच्या दृष्टीने मात्र तिसरा मालक आणि दुरुस्ती करणारा कारागीर हेही तितकेच महत्त्वाचे आहेत.

भारतातील कायद्याची स्थिती काहीशी विसंगत आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ८४ नुसार, हानी टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराविषयी इशारा उत्पादनासोबत नसेल, तर त्यातून झालेल्या हानीची जबाबदारी उत्पादकावर येते. ‘पुरेशा’ म्हणजे कोणत्या माध्यमातील आणि कोणत्या भाषेतील, हे कलम सांगत नाही. दुसऱ्या बाजूला, जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने वैध मापनशास्त्राच्या नियमांत दुरुस्ती करून इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या वेष्टनावरील काही घोषणा वर्षभरासाठी क्यूआर कोडद्वारे देण्यास मुभा दिली. ती मुभा वेष्टनापुरती होती, पुस्तिकेसाठी नव्हती. तरी वाऱ्याची दिशा तीवरून कळते. त्याच जुलै महिन्यात सरकारने ‘दुरुस्तीच्या अधिकारा’ची चौकट आखण्यासाठी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठीचे संकेतस्थळही सुरू केले. दुरुस्तीचा अधिकार म्हणजे आपल्या मालकीचे यंत्र आपल्या पसंतीच्या कारागिराकडून दुरुस्त करून घेता येणे, आणि त्यासाठी सुट्या भागांबरोबरच पुस्तिका व आराखडे उपलब्ध असणे. ही दोन पावले परस्परविरोधी ठरू नयेत असे वाटत असेल, तर भिंतीच्या सॉकेटमधून वीज घेणाऱ्या आणि दुसऱ्या यंत्राशी जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक ध्वनियंत्रासोबत एक लहान छापील पुस्तिका बंधनकारक करणे हाच सरळ मार्ग आहे. आठ ते बारा पाने पुरेत: जोडण्यांच्या आकृत्या, व्होल्टेज, आवर्तने आणि फ्यूज, कमाल भार, दोष आणि उपाय यांचा तक्ता, आणि परिपथाचा आराखडा कोठे मिळेल याची नोंद. बाकीचे सारे, सॉफ्टवेअरच्या प्रत्येक नव्या आवृत्तीसह, खुशाल संकेतस्थळावर राहावे.

भाषेचा प्रश्न उरतो, आणि तेथे पुन्हा रावपुऱ्याच्या परिसराकडे वळावे लागते. उत्पादकाने प्रत्येक प्रादेशिक भाषेत स्वतंत्र पुस्तिका काढावी ही अपेक्षा लहान कंपन्यांना पेलणारी नाही. परंतु १०० व्होल्ट लाइन, अर्थिंग, मायक्रोफोनच्या पिना, टर्नटेबलची जुळवणी हे विषय कोणत्याही एका कंपनीचे नाहीत. ते एकदा नीट लिहिले की प्रत्येक खोक्यात जाऊ शकतात. कलाभवनाचा वारसा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी विद्याशाखेकडे आहे आणि गायनशाळेचा वारसा त्याच विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखेकडे. वीज जाणणारे आणि सूर जाणणारे असे दोन्ही अभ्यासक एकाच छत्राखाली असलेली विद्यापीठे देशात मोजकी असतील. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयाने १९१० नंतरच्या दशकांत लाकडी पेट्यांतून गावोगाव पुस्तके पाठवली होती, म्हणजे छापलेले ज्ञान वाचकापर्यंत पोहोचवण्याचाही या शहराला अनुभव आहे. या दोन विद्याशाखांनी मिळून गुजराती, मराठी आणि हिंदीत अशी चार-सहा सचित्र पत्रके सिद्ध करावीत, उत्पादकांना ती विनामूल्य छापू द्यावीत आणि ग्रंथालयाने त्यांची प्रत कायमस्वरूपी जतन करावी. पहिले पत्रक भोंग्यांच्या जोडणीचे असावे, आणि ते भाद्रपदापूर्वी मंडळांच्या हाती पडावे.